सर्वांत लहान दिवस

आपल्या चर्चच्या दिनदर्शिकेत २१ डिसेंबर या तारखेपुढे आज संत पीटर कनिशियस यांचे नाव असते. १९६९ मध्ये दिनदर्शिकेची नवी मांडणी होईपर्यंत तेथे संत थॉमस यांचे, भारताच्या प्रेषिताचे नाव होते. वर्षातील सर्वांत लहान दिवसाचा आणि सर्वांत दीर्घ रात्रीचा धनी म्हणून बाराजणांतला शंकेखोर शिष्यच तेथे असावा, हे मला नेहमी फार समर्पक वाटत आले आहे. पुढे संत थॉमस ३ जुलैला गेले. आगमनकाळाच्या शेवटच्या आठवड्यात दुसरा मोठा सण नको, हा त्यामागचा विचार योग्यच होता. तरीही जुन्या पिढीतील काही माणसे या दिवसाला अजून ‘थॉमसचा दिवस’ म्हणतात. माझी आई त्यांतलीच एक होती.

आमच्या घरी हा दिवस गेली पस्तीसेक वर्षे पाळला जातो. ‘पाळला जातो’ हे शब्द खरे तर त्याला मोठे होतात. एक काठी, चुन्याचा एक ठिपका, एक पणती, बाजरीची चार कणसे आणि तासभर अंधार, एवढीच त्याची सामग्री. यात विकत आणावे असे काही नाही. नाताळ जवळ आला की आपल्याकडे बाजाराची जी यादी होते, तिच्यात या दिवसाची एकही ओळ नसते, आणि मला तो आवडण्याचे हेही एक कारण आहे.

मी वसईची. लग्नानंतर १९८४ मध्ये परळी वैजनाथला आले, कारण आमचे हे तेथील औष्णिक विद्युत केंद्रात, बॉयलर विभागात, नोकरीला होते. गावात त्याला सगळे ‘थर्मल’च म्हणतात. परळीला दोन गोष्टींमुळे लोक ओळखतात. एक, रुंद दगडी पायऱ्या चढून जावे लागते ते वैजनाथाचे ज्योतिर्लिंग, आणि दुसरे, १९७१ पासून येथे कोळसा जाळून तयार होणारी वीज. वसाहतीतल्या आमच्या खिडकीतून रात्रभर दिव्यांचा लखलखाट दिसे. धुराड्यांवर तांबडे दिवे, कोळशाच्या पट्ट्यावर पिवळे दिवे. आमच्या मुलीला सहा-सात वर्षांची होईपर्यंत काळोख म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. आमच्या ओळखीची कॅथलिक घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. फादर येत तेव्हा कुणाच्या तरी घरी पवित्र मिस्सा होई. नाताळची मध्यरात्रीची मिस्सा, गावभर फिरणारी गाणी, घरोघरीचे गोठे, हे सारे वसईलाच राहिले होते. त्यामुळे आगमनकाळ कसा साजरा करावा हे आमचे आम्हालाच शोधावे लागले.

मी शाळेत भूगोल शिकवीत असे. पुस्तकात एक वाक्य होते, २२ डिसेंबर हा आपल्याकडे सर्वांत लहान दिवस असतो. मुले ते घोकत आणि परीक्षेत लिहीत. परंतु त्या दिवशी मान वर करून सूर्याकडे पाहावे असे कोणाच्या मनात येत नसे. म्हणून एका वर्षी घरामागच्या अंगणात तीन फुटांची काठी ओळंब्याने सरळ रोवली आणि मुलीच्या हातात चुन्याची वाटी दिली. दर शनिवारी दुपारी सावलीच्या टोकावर ठिपका ठेवायचा, एवढेच तिचे काम होते.

परळी साधारण पावणेएकोणीस अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात ती दक्षिणेकडे पडते, हे माझ्या विद्यार्थ्यांना कधीच खरे वाटले नाही. ऑगस्टपासून सावली उत्तरेकडे लांबू लागते. सप्टेंबरात ती रोज तांदळाच्या एका दाण्याएवढी सरकते. नोव्हेंबरात तिचा वेग मंदावतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीन फुटांच्या काठीची सावली पावणेतीन फुटांवर येऊन थांबते. थांबते म्हणजे अगदी थांबते. १६ तारखेचा ठिपका आणि २६ तारखेचा ठिपका यांच्यात तांदळाच्या अर्ध्या दाण्याचेही अंतर पडत नाही. आमचा चुन्याचा ठिपकाच त्याहून मोठा असे. लॅटिन भाषेत या दिवसाचे जे नाव आहे त्याचा अर्थही ‘सूर्य उभा राहणे’ असाच होतो.

दिवस फिरला आहे हे त्या दिवशी कळत नाही, ही गोष्ट त्या अंगणात माझ्या प्रथम लक्षात आली. काठी काहीच सांगत नाही. आठ-दहा दिवस सावली एकाच जागी असते आणि मग कधीतरी, नाताळ उलटून गेल्यावर, नववर्षाच्या सुमारास, ठिपका किंचित मागे पडलेला दिसतो. तोपर्यंत वाट पाहायची. आगमनकाळावर मी पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, काही फार सुंदर होती. पण ‘वाट पाहणे’ या शब्दांचा अर्थ मला त्या चुन्याच्या ठिपक्यांनी जितका समजावला तितका कोणी समजावला नाही.

आणखी एक गंमत आहे. सर्वांत लहान दिवशी सर्वांत उशिरा सूर्योदय होत असेल असे आपण धरून चालतो. तसे होत नाही. परळीत त्या दिवशी सूर्य सात वाजायला सात-आठ मिनिटे असताना उगवतो. पण सकाळ त्यानंतरही तीन-साडेतीन आठवडे मागे मागेच जात राहते. उलट संध्याकाळ नोव्हेंबरच्या अखेरीपासूनच लांबू लागलेली असते. म्हणजे दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या बाजूने, आणि सकाळ लवकर होऊ लागते ती जानेवारीच्या मध्यावर. पहाटे उठणाऱ्या शेतकऱ्याला उजेड वाढल्याचा प्रत्यय येतो तो नेमका संक्रांतीच्या सुमारास.

संक्रांतीचा विषय निघालाच आहे तर थोडे सांगते. आमच्या शेजारच्या काकू म्हणत, “तुमचा नाताळ न् आमची संक्रांत, मधी तीन आठवडे. दोघं भाऊ हायेत, पर वाटण्या झाल्याती.” काकू शाळेत चौथीपर्यंतच गेल्या होत्या. परंतु त्यांच्या या बोलण्यात केवढा इतिहास आहे हे मला पुढे वाचनातून कळले. प्राचीन रोममध्ये सूर्य फिरण्याचा दिवस परंपरेने २५ डिसेंबर हा मानला जाई. आपल्याकडे मकर संक्रांत हाच उत्तरायणाच्या प्रारंभाचा दिवस होता. शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी प्राण रोखून धरले ते याच उत्तरायणासाठी. म्हणजे दोन्ही सण एकाच दिवसाची आठवण आहेत, आणि दोन्हींना तो दिवस सोडून पुढे गेला आहे.

कारणे मात्र वेगवेगळी. ज्युलियस सीझरच्या पंचांगात वर्ष सव्वा तीनशे पासष्ट दिवसांचे धरले होते, प्रत्यक्षात ते सुमारे अकरा मिनिटांनी लहान आहे. ही अकरा मिनिटे साठत गेली. सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांचा फरक पडला, तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला. या कामात येशूसंघीय गणिती ख्रिस्तोफर क्लावियस यांचा मोठा वाटा होता. परंतु त्यांनी मेळ घातला तो ३२५ सालच्या नायसिया धर्मसभेच्या काळाशी. तोपर्यंत सूर्य २१ डिसेंबरच्या आसपास फिरू लागलेला होता. त्यामुळे नाताळ चार दिवस मागे राहिला तो राहिलाच. संक्रांतीचे तसे नाही. ती नक्षत्रांना बांधलेली आहे, आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डोलत असल्याने सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस असा फरक पडत जातो. साधारण सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि सूर्य फिरण्याचा दिवस एकत्र होते. आज त्यांच्यात तीन आठवड्यांहून अधिक अंतर आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९५७ मध्ये आलेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबर हा धरलेला आहे. सरकारी कागदावर तो असतो. त्या दिवशी तीळगूळ मात्र कोणी वाटत नाही.

नाताळची तारीख सूर्यपूजकांच्या सणावरून घेतली असा आरोप आपल्यावर नेहमी होतो आणि आपण उगाचच ओशाळतो. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये अजिंक्य सूर्याचे मंदिर उभारले, हे खरे. रोममधल्या ३५४ सालच्या एका पंचांगात प्रभुजन्माची तारीख २५ डिसेंबर अशी नोंदलेली आहे, हेही खरे. परंतु प्रभूचा गर्भसंभव २५ मार्चला झाला अशी समजूत आरंभीच्या काळात होती, आणि त्यापुढे नऊ महिने मोजले तरी हीच तारीख येते. विद्वान दोन्ही बाजूंनी लिहीत आले आहेत. मला त्यांच्यापैकी कोणाच्या पंक्तीला बसायचे नाही. हिप्पोचे संत ऑगस्टीन यांनी मात्र या योगायोगाचा आनंदच मानला. ज्या दिवसापासून उजेड वाढतो त्या दिवशी प्रभूचा जन्म आणि ज्या दिवसापासून तो घटतो त्या जूनमध्ये योहान बाप्तिस्त्याचा, ही जुळणी त्यांनी आपल्या प्रवचनांतून मांडली. योहानाने स्वतःविषयी आणि ख्रिस्ताविषयी जे म्हटले ते आठवले तर या जुळणीतील सौंदर्य कळेल. तसेच १७ ते २३ डिसेंबर या दिवसांत सायंप्रार्थनेच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या प्राचीन पालुपदांपैकी २१ तारखेचे पालुपद ख्रिस्ताला उगवता प्रकाश म्हणून हाक मारते. सर्वांत दीर्घ रात्रीच्या तोंडावर ख्रिस्तसभा उगवतीकडे पाहते. आम्ही अंगणात वेगळे काय करीत होतो?

हा प्रश्न मला एकदा घरातच विचारला गेला. थोरल्या जाऊबाई नाताळसाठी वसईहून आल्या होत्या. अंगणातली काठी, तिच्या टोकाशी चुना, भिंतीच्या खुंटीला चिमण्यांसाठी टांगलेली बाजरीची कणसे आणि तिन्हीसांजेला बंद केलेले दिवे पाहून त्या गंभीर झाल्या. “बाय, हे आपल्यात नसतं. सूर्याची पूजा करायला लागलीस की काय?” जाऊबाई मनाने अतिशय निर्मळ, त्यांच्या श्रद्धेविषयी मला आदर होता आणि आहे. त्यांना टाळता येण्यासारखा तो प्रश्न नव्हता. मी त्यांना एवढेच म्हणाले की उत्पत्तीच्या पुस्तकात सूर्य आणि चंद्र चौथ्या दिवशी निर्माण झाले, आणि ऋतू, दिवस आणि वर्षे कळावीत हे त्यांचे काम तेथेच सांगितले आहे. घड्याळाकडे पाहणारा घड्याळाची पूजा करीत नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसांनी सूर्याला भाऊ म्हटले, देव म्हटले नाही, आणि त्याच संत फ्रान्सिसांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी बैल, गाढव आणि गवत आणून पहिला जिवंत गोठा मांडला. त्यावर जाऊबाईंनी माझ्या गोठ्यावरच्या कापसाच्या बर्फाकडे बोट दाखविले आणि विचारले, “मग हा कुठला?” या प्रश्नापुढे मी निरुत्तर झाले. बीड जिल्ह्यात बर्फ कोणी पाहिलेला नाही. कापूस तरी आमच्याच मातीतला होता, एवढेच म्हणता येईल. त्या वर्षापासून आमच्या गोठ्यावर बर्फ पडला नाही, काळी माती आणि ज्वारीची रोपे आली. ही सुधारणा जाऊबाईंमुळे झाली, हे येथे नमूद केले पाहिजे.

आता वेळ अमावास्येविषयी लिहिले पाहिजे, कारण आमचा हा दिवस पुरता घडला तो तिच्यामुळे. लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांत आणि त्यांना लागून असलेल्या गावांत मार्गशीर्ष अमावास्येला शेतात जाऊन हा सण करतात. बोलीत त्याला ‘येळवस’ म्हणतात. ही अमावास्या चंद्राच्या हिशेबाने मागेपुढे होते. २०२२ मध्ये ती २३ डिसेंबरला होती, त्यापुढची थेट ११ जानेवारी २०२४ ला आली. पण १९९५ मध्ये ती बरोबर सर्वांत लहान दिवसाच्या तोंडावर आली होती. आमच्याकडे दूध घालणाऱ्या मावशींनी आम्हाला आपल्या आईच्या शेतावर बोलावले. गाव लातूरच्या हद्दीकडचे होते.

गावात शिरताच पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. निम्म्याहून अधिक घरांना कुलपे होती. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली असंख्य कुटुंबे ऊसतोडणीला साखर कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायकोने मिळून एक ‘कोयता’ व्हायचे, आणि चार-पाच महिने फडाजवळच्या कोपीत राहायचे. गावात उरतात म्हातारी माणसे, आणि त्यांच्याकडे ठेवलेली काही नातवंडे. आजींचे दोन्ही मुलगे आणि सुना तोडीवर गेल्या होत्या. तरीही आजींनी कडब्याची कोप उभी केली होती. आत पाच दगड चुना लावून मांडले होते, ते पांडव. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेले आंबील, तूर, हरभरा, वाटाणा, वाल अशा हिरव्या दाण्यांची बेसन लावून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि शेंगदाण्याच्या पोळ्या. आंबिलाची बिंदगी आजींनी स्वतः डोक्यावरून आणली होती.

पूजेच्या वेळी आम्ही तिघे बाजूला उभे राहिलो. आम्ही काय करावे याचा मला संकोच होता. आजींच्या ते लक्षात आले असावे. त्या म्हणाल्या, “तुमचं तुमी म्हना, माय. जेवाय मातर संगं बसा.” आम्ही मनातल्या मनात आपली भोजनापूर्वीची प्रार्थना म्हटली आणि संगं बसलो. आंतरधर्मीय सुसंवादाविषयी व्हॅटिकन धर्मसभेने १९६५ मध्ये जे निवेदन काढले त्याचा मी पुढे अभ्यास केला. आजींचे ते दोन शब्द मला त्याची उत्तम टीका वाटतात.

संध्याकाळी हेंडग्याची वेळ आली. वाळल्या गवताची जाड पेंढी करायची, तिला पेटवायचे, आणि ती घेऊन पिकाभोवती धावत फेरी मारायची. हे काम घरातल्या पुरुषाचे. आजींच्या घरात त्या दिवशी पुरुष नव्हता. आमचे हे पुढे झाले, पण आजींनी आमच्या मुलीकडे पाहिले. ती तेव्हा दहा वर्षांची होती. “तू पळ.” मी म्हटले, “आजी, ती मुलगी आहे, आणि शिवाय आपल्यातली नाही.” आजी म्हणाल्या, “रानाला काय ठावं? त्याला उजेड पायजे.” आणि आमची मुलगी पेटता हेंडगा घेऊन हरभऱ्याच्या कडेने धावली. अमावास्या होती, परळीचे दिवे तेथून दिसत नव्हते, आणि आयुष्यात प्रथमच तिने खरा काळोख पाहिला, तोही आपल्या हातातल्या उजेडाच्या पलीकडे. दूरदूरच्या शेतांतूनही असे ठिपके फिरताना दिसत होते. परत आली तेव्हा तिच्या भुवया थोड्या करपल्या होत्या. ती काही बोलली नाही. घरी येताना वाटेत तिने विचारले, आजींचे मुलगे आता कुठे असतील, तेथे उजेड असेल का?

या प्रश्नातून आमच्या त्या रात्रीच्या प्रार्थनेला आकार आला. तेव्हापासून सर्वांत लहान दिवशी सूर्य बुडताच आम्ही घरातले दिवे घालवितो. पूर्ण अंधारात थोडा वेळ बसतो. मग आगमनकाळाच्या चक्रातील मेणबत्तीवरून करडईच्या तेलाची एक पणती लावतो आणि त्या रात्री जे जागे असतील त्यांची नावे मोठ्याने घेतो. पहिली नावे आजींच्या मुलांची आणि सुनांची, कारण फडात पहाटे अंधारातच कोयता चालू होतो. मग दवाखान्यातले लोक, रेल्वेचे लोक, वैजनाथाच्या पायऱ्यांवर झोपणारे, बाळंतिणी, आजारी माणसे. यांची रात्रपाळी असली की मुलगी त्यांचे नाव घेई. हे हसून म्हणत, “रात्र तेरा तासांची असो की अकरा, पाळी आठच तासांची.” बॉयलरजवळचा माणूस अंधाराला घाबरत नाही, असेही म्हणत. मात्र पाळी नसली तर ते अंधारात सर्वांत अधिक वेळ बसून राहत आणि दिवा लावू देत नसत.

शेजारच्या काकू धुंधुरमासात, म्हणजे १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत, एखाद्या दिवशी सूर्योदयापूर्वी आम्हाला जेवायला बोलवीत. गरम खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी. फिलिपाइन्समधील आपले बांधव त्याच १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेच्या अंधारात मिस्सेला जातात आणि चर्चबाहेर गरम गरम न्याहारी करतात, हे मी काकूंना सांगितले तेव्हा त्यांनी फक्त विचारले, “तिकडं लोनी मिळतं का?”

२०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी थर्मलचे सर्व संच बंद पडले. दुष्काळ होता. धुराड्यांतून धूर निघत नाही असे दृश्य मी इतक्या वर्षांत पाहिले नव्हते. हे तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. अंगणात खुर्ची टाकून धुराड्यांकडे पाहत बसत. त्यावर्षी काठीच्या ठिपक्यांचे काम त्यांनी आपल्याकडे घेतले, आणि पुढे शेवटपर्यंत सोडले नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात हे गेले. मुलगी तेव्हा आयर्लंडमध्ये, डब्लिनला, परिचारिका होती, आजही आहे. ती आली, महिनाभर राहिली आणि परत गेली. वसईचे सगळे म्हणाले, आता परळीत काय ठेवले आहे? प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्याचे उत्तर दिले नाही. डिसेंबर आला, मी एकटीने काठी रोवली, आणि सूर्य बुडाल्यावर अंधारात बसले तेव्हा पणती लावावीशी वाटेना. त्या रात्री मी यांचे नाव कोणत्या यादीत घ्यावे? जागे असणाऱ्यांच्या, की झोपलेल्यांच्या? बराच वेळ गेला. शेवटी काकूंनी बाहेरून हाक मारली, “बाई, लाईट गेली का तुमची?” मी उठून पणती लावली आणि दार उघडले.

पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, मुलीला येताच आले नाही. महामारीमुळे तिचे रुग्णालय भरलेले, विमाने अनिश्चित. त्या वर्षी २१ डिसेंबरच्या संध्याकाळी गुरू आणि शनी हे दोन ग्रह आकाशात इतके जवळ आले की त्यांच्यातील अंतर पूर्ण चंद्राच्या पाचव्या हिश्श्याएवढे राहिले. इतके जवळ ते १६२३ नंतर आले नव्हते. योहान केप्लर याने बेथलेहेमच्या ताऱ्याचा संबंध याच दोन ग्रहांच्या एका जुन्या युतीशी जोडून पाहिला होता. मी गच्चीवर गेले. पश्चिमेला, वसाहतीच्या दिव्यांच्या वर, ते दोघे एकमेकांशेजारी होते. काकूही आल्या, त्यांना मी दाखविले. त्या म्हणाल्या, एकच हाय की. मी म्हटले, दोन आहेत, नीट बघा.

त्याच दिवशी मुलीशी फोनवर बोलताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. परळीत त्या दिवशी सूर्य बुडतो सायंकाळी पाच वाजून बावन्न मिनिटांनी. डब्लिनच्या घड्याळात तेव्हा बारा वाजून बावीस मिनिटे झालेली असतात, आणि डब्लिनचा खरा मध्यान्ह त्या ऋतूत त्याच सुमारास असतो. म्हणजे माझ्याकडे सूर्य क्षितिजाला टेकतो, त्याच क्षणी तिच्याकडे तो त्या दिवशीच्या सर्वोच्च जागी असतो. सर्वोच्च म्हणजे तरी किती? क्षितिजापासून जेमतेम तेरा अंश. परळीत त्या दुपारी तो सुमारे पावणेअठ्ठेचाळीस अंशांवर असतो. डब्लिनच्या उत्तरेला न्यूग्रेंज नावाचे पाच हजार वर्षांपूर्वीचे दगडी थडगे आहे. या दिवसांत सूर्योदयाचा किरण त्याच्या दारावरच्या झरोक्यातून आत शिरतो आणि सतरा मिनिटे आतली खोली उजळतो. ते बांधणाऱ्यांचे नावही कोणाला ठाऊक नाही. पण त्यांनीही वाट पाहिली होती, आणि त्यासाठी केवढे दगड वाहिले.

डब्लिनच्या डिसेंबरात ऊन मिळणे हे भाग्याचे. २०२० मध्ये तिला ते मिळाले नाही, २०२१ मध्येही नाही. २०२२ मध्ये त्या आठवड्यात एका दुपारी मिळाले. नेमका दिवस कोणता याला महत्त्व नव्हते, सावली थांबलेलीच असते. तिने रुग्णालयाच्या मागच्या अंगणात फूटपट्टी उभी धरली, दुसऱ्या परिचारिकेने टेपने मोजले. इकडे मी दुपारीच फूटपट्टीची सावली मोजून ठेवली होती, अकरा इंच. फोन वाजला तेव्हा अंगणात अंधारून येत होते.

“आई, सांगू का? चार फूट तीन इंच.”

“आणि किती जण जागे आहेत आज रात्री तुझ्या वॉर्डात?”

तिने नावे नाही सांगितली, तसा तेथे नियम आहे. खाटांचे आकडे सांगितले. मी ते एकामागून एक मोठ्याने म्हटले आणि पणती लावली.